साचा थंड होईपर्यंत

शुक्रवारी दुपारी मी बाबांच्या कारखान्यात शिरले तेव्हा ते मेण चावत होते.

कारखाना म्हणजे घराला लागून असलेली एक लांबट खोली. एक खिडकी, एक बाक, दोन स्टुलं, पाणी उकळायचं मोठं भांडं आणि तीन भिंतींवर फळ्या. फळ्यांवर लोकांचे प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर. बाबा चाळीस वर्षं कवळ्या करत होते. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवायचे आणि बाबा त्यावरून माणसाला चावायला, हसायला नवे दात घडवून द्यायचे. त्या कामात गुलाबी मेणाच्या पट्ट्या लागतात. आमच्या घरात त्यांचा आणखी एक उपयोग होता. बाबांना राग आला की ते एक पट्टी दातांत धरत आणि ती मऊ पडेपर्यंत तोंडातून शब्द काढत नसत.

आज समोर रिटायर झालेल्या टेलिफोन ऑपरेटरबाई बसल्या होत्या आणि बिनदातांच्या तोंडानं जमेल तेवढं बाबांना फैलावर घेत होत्या.

"चार दिवश म्हणालात! आज शहावा!"

बाबांनी बोट वर करून त्यांना थांबवलं, पट्टी तोंडातून काढली, तिच्यावरच्या दातांच्या खुणा नीट पाहिल्या आणि ती बाकावर ठेवली.

"बाई, साचा अजून गरम आहे. गरम असताना उघडला तर कवळी वाकते. उद्या दहाला या."

"आणि तोपर्यंत खाऊ काय?"

"काल जे खाल्लंत तेच."

बाई हसल्या. हसायचं नव्हतं त्यांना, म्हणून तोंडावर पदर घेतला आणि निघून गेल्या.

"आज किती पट्ट्या?" मी विचारलं. हा आमचा घरगुती विनोद होता.

"अर्धी," बाबा म्हणाले. "आणि खरं सांगू? ती अर्धीही सवयीनं."

मी त्यांचा दुरुस्त झालेला चष्मा द्यायला आले होते. लायब्ररीत माझी दुपारची पाळी होती. त्यांनी चष्मा लावला, खिडकीबाहेर पाहिलं, "अरे वा, झाडाला पानं आहेत" असं म्हणाले. मी पर्स उचलली.

"आणखी काही?" त्यांनी विचारलं.

"काय आणखी काही?"

"नाही, सांगायचं होतं का काही?"

"मला काय सांगायचं असणार, बाबा?"

ते मान हलवून साच्याकडे वळले. त्यांनी त्याच्या पितळी अंगाला हाताची मागची बाजू लावून पाहिली, जशी तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात. जवळजवळ वर्षभर मी निघताना ते हेच विचारत होते. म्हातारपणी माणसाला निरोप लांबवावासा वाटतो, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. मी खूप वाचते. माणसं ओळखण्यात मी बरी आहे, असं मला वाटायचं.

शनिवारी सकाळी नऊला, बाबांच्या हाताखाली काम करणाऱ्या दादानं त्यांना बाकावर डोकं टेकलेलं पाहिलं. त्याला वाटलं, प्रार्थना करतायत. त्यानं घासायचं मशीन बंद केलं, त्यांना आवाज नको म्हणून. पंधरा मिनिटं तो तसाच शांत उभा राहिला.

*

रविवारी दुपारी सगळे आमच्या घरी जमले. दफन सोमवारी सकाळी दहाला होतं. मोठे काका खुर्चीत ताठ बसले होते. ते आयुष्यभर हेडमास्तर होते आणि गेली वीस वर्षं आमच्या चर्चच्या मंडळीचे ज्येष्ठ पंच. आत्या दोघा भावांच्या पाठची. ती पंच नव्हती, पण पंचांना भारी होती.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. शवपेटी चर्चमध्ये आणतात. घरातला किंवा जवळचा पंच तिच्यावर हात ठेवून म्हणतो, "हा विश्वासात जगला, याला मी साक्षी आहे." मग पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, मंडळीला विचारतात, "कुणाचं काही राहिलं आहे?" कुणी कधी उठत नाही, आणि झाकण लावतात. साक्ष द्यायला कुणी नसेल तर पेटी चर्चच्या आत येत नाही. प्रार्थना थेट कबरस्तानात होते.

मोठ्या काकांनी आजवर चाळीसेक जणांची साक्ष दिली होती.

"माझ्या धाकट्या भावाची मला देता येणार नाही," ते म्हणाले.

आईनं चहाचा कप खाली ठेवला. दादा उभाच राहिला.

"बस रे," काका म्हणाले. "मला हे सांगताना आनंद होत नाहीये. अकरा महिने त्यानं प्रभुभोजन घेतलेलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीची थाळी त्याच्यासमोर यायची आणि हा हात मांडीवर ठेवून बसून राहायचा. सगळी मंडळी बघत होती. मी विचारलं, तर म्हणाला, 'अजून नाही.' मी उद्या उभा राहून खोटं बोलू? पेटीवर हात ठेवून?"

"तू त्याला ओळखत नाहीस का, भाऊ?" आत्या म्हणाली.

"ओळखतो म्हणूनच. त्याला आयुष्यभर धडपडायची हौस. ह्याची माफी माग, त्याच्या दारात जा. तारण कृपेनं मिळतं, असल्या कसरतींनी नाही. माझा उपदेश चालू असताना उठून गेला होता तो, आठवतंय? का, तर सकाळी पाववाल्यावर खेकसला होता!"

"तुझा उपदेश लांबलाच होता त्या दिवशी. मीसुद्धा कुणाला दुखावलंय का ते आठवत बसले होते."

दादा फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. काकांचा चेहरा आणखी आवळला. त्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर दोघा भावांची जुंपली होती, ती आम्ही सगळ्यांनी ऐकली होती. काका म्हणाले होते, 'हा विश्वास नव्हे, अहंकार आहे. धडपडून स्वर्गात जाणार आहेस काय?' आणि बाबा खिशातली पट्टी तोंडात न घालता, अगदी साध्या आवाजात म्हणाले होते, 'जायला मिळावं म्हणून नाही धडपडत, भाऊ. बोलावणं आलंय, म्हणून अंघोळ करतोय.'

तेवढ्यात दाराशी पाळक आले. ते वयानं माझ्याहून लहान आहेत. साक्ष कोण देणार, हे त्यांना विचारायचं होतं. खोलीतले चेहरे पाहून त्यांना बाकीचं समजलं.

"मला एवढंच सांगता येईल," ते म्हणाले. "अकरा महिन्यांपूर्वी उपासनेत बायबलचं वाचन होतं, अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करायला जा, ते. त्याच संध्याकाळी ते माझ्याकडे आले. म्हणाले, एका माणसाच्या मनात माझ्याबद्दल काही आहे. मी माफी मागितली होती, पण उत्तर मिळालं नाही. ते मिळेपर्यंत मी भोजनाला हात लावणार नाही. मी म्हणालो, मागितलीत ना, तुमचं काम झालं, तुम्ही मोकळे आहात. ते म्हणाले, मी असेन मोकळा, तो माणूस नाहीये ना."

"कोण माणूस?" काकांनी विचारलं.

"नाव सांगू नका म्हणाले. त्या माणसाला कळलं तर तो माझ्यासाठी म्हणून क्षमा करेल, स्वतःहून नाही. मला ते नको."

 मग मी माझ्या घराण्यात आजवर न पाहिलेली गोष्ट पाहिली. तीन मोठी माणसं एकाच वेळी गुन्हेगारासारखी खाली बघत होती.

"ती मीच," आत्या म्हणाली. "आईचं शिवणयंत्र. न विचारता घेऊन गेले होते. त्यानं ते परत मागताना आवाज चढवला, मग माफी मागायला आला, तर मी दार लावून घेतलं. तीस वर्षं झाली, त्यावर मी एक रुमालसुद्धा शिवला नाही."

"नाही आत्या, हे माझ्यामुळे झालं असणार," दादा म्हणाला. "ती वाकलेली कवळी."

काकांची मान खालीच होती. त्यांच्या मनात त्या वेळी पायऱ्या होत्या, हे त्यांनीच पुढे मला सांगितलं. बाबा त्याच आठवड्यात त्यांच्या घरी गेले होते. 'उपदेशातून उठलो, तुमचा अपमान झाला, चुकलं,' असं म्हणाले होते. काका वर्तमानपत्रामागून बोलले होते, 'बघू.'

मी कुणाकडे बघत नव्हते. आई साखरेच्या डब्याकडे बघत होती. मुद्दाम माझ्याकडे न बघण्यासाठी माणूस जसा बघतो, तशी.

आणखी काही? सांगायचं होतं का काही?

मी उठून स्वयंपाकघरात गेले.

*

दादाची वाकलेली कवळी ती हीच.

मी सोळा वर्षांची होते, दादा एकोणीसचा. एका शिक्षिकेची कवळी साच्यात निवत होती, आणि लक्ष ठेवायला बाबांनी मला सांगितलं होतं. मी पुस्तक वाचत बसले. दादाला मित्रांकडे जायची घाई होती. त्यानं साचा गरम असतानाच उघडला, कवळी वाकली, आणि तो ती तशीच बाकावर टाकून पळाला. बाबा आले. समोर तीन गिऱ्हाइकं होती. त्यांनी एक शब्दही न विचारता मला मारलं. साधी चापट नव्हती ती. मी फळीवर आपटले आणि चार जबडे खाली पडून फुटले.

आमच्या घरात त्याला एक नाव होतं, 'आजोबांचा हात'. आजोबा दोन्ही मुलगे मोठे होईपर्यंत त्यांना मारत. काकांनी तो हात स्वतःच्या मुलांवर चालवला. ते दोघे आता सणासुदीला पत्र पाठवतात, येत नाहीत. बाबांचा हात तोवर थाळ्या फोडून भागवत असे. त्या दिवशी तो माझ्यापर्यंत पोचला.

संध्याकाळी दादानं रडत खरं सांगितलं. बाबा माझ्या खोलीच्या दारात आले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "क्षमा कर मला."

मी पान उलटलं आणि म्हणाले, "असू दे."

तेवीस वर्षांत त्यावर मी आणखी काहीही म्हटलं नाही. राग टिकला नव्हता. दोन-तीन वर्षांतच तो कुठेतरी सांडून गेला. पण 'असू दे' मी जपून ठेवलं. साऱ्या घरात तेवढी एकच गोष्ट अशी होती जी माझ्याकडे होती आणि बाबांना हवी होती.

आई आत आली. तिनं नळ सोडला आणि कप विसळायला लागली.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"हो."

"मला सांगितलं का नाहीस?"

"ते नको म्हणाले. मी म्हटलं, अहो, पोरगी विसरली असेल, सरळ विचारून टाका. तर म्हणाले, गरम साचा एकदा उघडलाय आपण, पुन्हा नाही उघडायचा. तिचा तिला निवू दे."

तिनं एक कप पालथा ठेवला.

"तुला मारलं त्या रात्री ते जेवले नाहीत," ती म्हणाली. "मला म्हणाले, मी वीस वर्षं स्वतःला विश्वासणारा म्हणवतो आणि माझा हात अजून माझ्या बापाचाच आहे. मग मी कोणाचा? दुसऱ्या सकाळपासून मेण सुरू झालं. पहिल्या वर्षी इतकं लागायचं की मेणवाल्याला वाटलं, धंदा दुप्पट झाला."

आम्ही दोघी हसलो. मग दोघींना रडू आलं आणि आईनं नळ जास्त सोडला.

"भाऊजींना वाटतं, ही कसरत होती," ती म्हणाली. "मी पंचेचाळीस वर्षं त्या माणसाच्या शेजारी झोपले. ज्या घरात कुणी राहायलाच आलेलं नाही, ते घर कोण रोज झाडतं? सांग मला. त्यांच्यात कुणीतरी राहायला आलं होतं. म्हणून झाडत होते."

"हे तू बाहेर जाऊन सांग."

"सांगते ना," आई म्हणाली, आणि हात पुसत खरंच बाहेर गेली. मी आजवर तिला काकांसमोर खुर्चीत बसलेलीही पाहिली नव्हती. ती त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसली. मी दारातून ऐकलं.

"भाऊजी, साक्ष द्या नाहीतर देऊ नका. पण एकच सांगा. तुमच्या भावानं हात उगारलेला तुम्ही शेवटचा कधी पाहिला?"

 उत्तर सगळ्यांना माहीत होतं. दादाची मुलगी नऊ वर्षांची आहे. घरात हात उगारतात, हे तिला ठाऊकच नाही. मागे एकदा तिनं विचारलं होतं, 'आजोबांचा हात म्हणजे काय?' आणि बाबांनी स्वतःचा हात तिच्यापुढे पसरून, तिच्या तळव्यावर मेणाचा ससा ठेवून म्हटलं होतं, 'हा.'

काका उठले. "उद्या बघू," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच शब्दावर अडखळल्यासारखे दारात क्षणभर थांबले.

*

सोमवारी पावणेदहाला पेटी चर्चच्या ओसरीवर होती. आत बाक भरलेले. मला वाटलं होतं घरचीच माणसं असतील. पण पाववाला होता, मेणवाला होता, शहरभरची म्हातारी माणसं होती; ती एकमेकांना अवघडून हसत होती आणि त्यांच्या तोंडातले सरळ, पांढरे, नीट बसलेले दात मला ओळखीचे वाटत होते.

ऑपरेटरबाई पहिल्या रांगेत होत्या. शनिवारी त्या ठरल्याप्रमाणे दहाला आल्या होत्या आणि आमच्या दारातली गर्दी पाहून माघारी गेल्या होत्या. साचा तोपर्यंत पूर्ण निवला होता. रविवारी संध्याकाळी दादानं तो उघडला आणि कवळी घेऊन स्वतः त्यांच्या घरी गेला. कुठेही घासावी लागली नाही, म्हणाला.

पाळक ओसरीवर आले. "साक्ष कोण देतंय?"

मोठे काका पुढे झाले. त्यांनी कोटाची सगळी बटणं लावली होती. पेटी आत आणा, असं त्यांनी नुसत्या हातानं खुणावलं. दादानं डोळे मिटले. पेटी मधल्या वाटेनं आत आली, आणि काकांनी तिच्यावर हात ठेवला. रीतीप्रमाणे एकच वाक्य म्हणायचं होतं. ते त्यांना म्हणता येईना.

"मी हे वाक्य चाळीस वेळा म्हटलंय," ते शेवटी म्हणाले. "पाठ आहे मला. आज पाठ केलेलं चालणार नाही."

मंडळी हलली.

"आम्हा दोघा भावांना वडिलांनी एकच हात दिला होता. मारायचा. मी तो माझ्या मुलांना दिला. वर उभा राहून तुम्हाला कृपेविषयी सांगत राहिलो, आणि घरी गेलो की तोच हात. मला वाटायचं, कृपा आहे म्हणजे हाताचं काही करायला नको. यानं ते मान्य केलं नाही. हा तेवीस वर्षं त्या हाताशी झगडला. तुम्ही त्याला मेण चावताना पाहून हसलात. मी जास्त हसलो. काल रात्रभर मी आठवत होतो, याचा उगारलेला हात मी शेवटचा कधी पाहिला. मला आठवला नाही. आमच्या घराण्याचा तो हात याच्यापाशी थांबला. पुढे गेला नाही. स्वतःच्या बळावर हे होत नाही. मी स्वतःच्या बळावर राहून पाहिलंय. हा विश्वासात जगला. याला मी साक्षी आहे." मग पेटीवर वाकून, फक्त घरच्यांना ऐकू जाईल इतक्या हळू ते म्हणाले, "पायऱ्यांवरचं चुकलं माझं, बाळ."

आत्यानं सगळ्यांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं नाक शिंकरलं. आणि कुणी न सांगता ऑपरेटरबाई उभ्या राहून गाऊ लागल्या. गाण्याची वेळ नव्हती ती. पण बाईंना कितीतरी दिवसांनी शब्द नीट उच्चारता येत होते आणि त्या थांबणार नव्हत्या. एकामागून एक बाक उभे राहिले. इतकी माणसं, इतक्या मोकळ्या तोंडांनी गाताना मी त्या चर्चमध्ये कधी ऐकली नव्हती. त्यातले निम्मे दात तरी बाबांचे होते.

गाणं संपलं. पाळकांनी विचारलं, "कुणाचं काही राहिलं आहे?"

हा प्रश्न झाल्यावर ते नेहमी तीन श्वास थांबतात. दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. आईनंही नाही. मला कुणीही उघडत नव्हतं.

मी उठले. मधल्या वाटेनं गेले. बाबांच्या नाकावर नुकताच दुरुस्त झालेला चष्मा होता. तो आईनं राहू दिला होता. मी हाताची मागची बाजू त्यांच्या कपाळाला लावली. ते पूर्ण निवले होते.

"हो बाबा," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला आणि मी तो लहान केला नाही. "सांगायचं होतं. मी तुम्हाला क्षमा केली आहे. त्याला वीस वर्षं झाली. सांगितलं नाही, ते माझं चुकलं. आता तुम्ही मला क्षमा करा. आणि जा, भोजनाला बसा."